तीनदा पुढे गेलेलं ऑपरेशन

“माझ्या नवऱ्याच्या पोटात गाठ आहे, ती वाढतेय, आणि कुणीतरी त्यांचं ऑपरेशन होऊ देत नाहीये.”

खुर्चीत टेकायच्या आधीच त्या बोलून मोकळ्या झाल्या. नवरा ज्या इस्पितळात होता तिथंच त्यांचा धाकटा दीर सर्जन, म्हणून तिथं सगळे त्यांना वहिनीच म्हणत. तारीख तीनदा ठरली आणि तिन्ही वेळा माशी शिंकली. ठपका वॉर्डच्या सिस्टरवर आला, तिला घरी बसवलं. वहिनींना ते पटत नव्हतं.

खासगी तपासाची कामं करणाऱ्या ताईंनी पर्स उचलली. मागोमाग त्यांचे यजमान, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, चप्पल शोधत निघाले.

इस्पितळात त्यांनी एकेकाला गाठलं. रक्त तपासणारे पॅथॉलॉजिस्ट म्हणाले, पहिल्या वेळी तपासायला घेतलेल्या रक्ताची बाटली फ्रिजमधून गायब झाली. रक्त नीट गोठतं का हे कळल्याशिवाय ते कुणाला कापू देत नाहीत. दुसऱ्या वेळी फिजिशियननी रक्त पातळ करणारी गोळी पाच दिवस आधी बंद करायला लिहिलं होतं. तो कागद फाडलेला, त्यामुळे गोळी चालूच राहिली, आणि फाटका कोपरा केसपेपरच्या टाचणीला तसाच लोंबत होता.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई अजून धुमसत होत्या. तिसऱ्या वेळी पेशंटला जाग आली तेव्हा उशाशी गरम चहा होता, तो पेशंटनं पिऊन टाकला. भरल्या पोटी भूल दिली तर पोटातलं श्वासनलिकेत जाऊन माणूस दगावतो. उष्टा कप तिथंच होता म्हणून डॉक्टरबाईंच्या नजरेत आला.

तिघंही एकमेकांवर डोळा ठेवून होते. मास्तरांना तर झाडूवालासुद्धा खुनी वाटू लागला.

सर्जन मात्र शांत. तीन तारखा बुडाल्या तरी त्यांनी कुणावर आवाज चढवला नव्हता. दादा हटून बसलाय, माझ्याशिवाय कुणाचा हात नको म्हणतो, एवढंच त्यांनी सांगितलं. पाहुण्यांसाठी पाणी ओतताना धार पेल्याबाहेर गेली. मास्तरांनी रुमालानं टेबल पुसलं. जाताना ताईंनी ऑपरेशनचं रजिस्टर चाळलं. गेल्या चार महिन्यांत एकूण एक ऑपरेशन सर्जनच्या हाताखालच्या ज्युनिअर डॉक्टरनं केलं होतं.

संध्याकाळी सगळे पेशंटच्या खोलीत जमले.

“ज्याला घात करायचाय तो कप विसळून ठेवतो,” ताई म्हणाल्या. “कागदाचा कोपराही मागे सोडत नाही. इथं सगळं वेळेवर दिसेल असं ठेवलं होतं. पेशंट दगावायला नको, फक्त ऑपरेशन थांबायला हवं. आणि कोणता डॉक्टर कशापाशी अडवतो, हे करणाऱ्याला पाठ होतं.”

“म्हणजे या तिघांपैकीच कुणीतरी,” मास्तर म्हणाले.

“अहो, या तिघांना नुसतं ‘नको’ म्हणता आलं असतं. त्यांचं कामच ते आहे. चोरी कशाला करतील? नाही म्हणायची सोय नव्हती, असा माणूस एकच.” त्या सर्जनकडे वळल्या. “चार महिने तुम्ही सुरी धरलेली नाही. समोरचा पेला तुम्हाला नीट दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

सर्जननी मान खाली घातली. डोळ्याचा पडदा खराब होतोय, बरा होण्यातला नाही. “दादानं पोटाला चिमटा काढून मला डॉक्टर केलं. त्याला कुठल्या तोंडानं सांगू?”

“आणि सिस्टरला घरी बसवलं तेव्हा?”

वहिनींनी रागानं तोंड फिरवलं.

दादांनी भावाला खाटेजवळ बोलावलं.

“अरे, मला कुणाचाही हात चालला असता,” ते म्हणाले. “दुसऱ्याकडे गेलो तर तुला वाईट वाटेल, म्हणून मी अडून बसलो होतो. करू दे तुझ्या ज्युनिअरला. तू नुसता शेजारी उभा राहा.”

सर्जन रडले. मग तिथूनच ते सिस्टरला फोन लावायला लागले. आकडे काही दिसेनात. वहिनींनी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि नंबर लावून दिला.