रामटेकला गेलेली चौथी

ही गोष्ट माझी स्वतःची आहे. कुणाकडून ऐकलेली नाही.

विश्वास ठेवा असा आग्रह नाही. पण यातलं पदरचं काहीच नाही, एवढं मात्र शपथेवर सांगते.

तारीख १४ मे २०२४, मंगळवार. ठिकाण नागपूर, नंदनवन.

आणि रात्र नव्हती... लख्ख दिवस होता.

माझं नाव उत्तरा. सांगलीला एका दवाखान्यात नर्स आहे. तीस वर्षांपूर्वी मिरजेला नर्सिंग शिकताना होस्टेलच्या एका खोलीत आम्ही चौघी राहायचो. मी, वंदना, सुमती आणि मेघा. पुढे लग्नं झाली, बदल्या झाल्या, भेटी तुटल्या. मेघा तर थेट आपल्या नागपूरलाच परत गेली. त्या मे महिन्यात तिचा नवरा पोरांना घेऊन गावी गेला होता. तिनं फोन केला, "घर खाली आहे, मी अन् सासूबाईच तेवढ्या. चार दिवस या वं तिघी. नागपूर दाखवते तुम्हाले."

मे महिन्यात नागपूर! लोक हसले आम्हाला. पण तिघींच्या सुट्ट्या एकदम जुळल्या त्या तेव्हाच.

मला खरं तर जायचं नव्हतं.

कारण सांगते. माझा नवरा, विश्वनाथ, मस्कतला नोकरीला आहे असं मी सगळ्यांना सांगत आले होते. मैत्रिणींनासुद्धा. खरं असं की नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी तो घरातून निघून गेला. भांडण नाही, चिठ्ठी नाही. पोलिसात नोंद केली, दोन वर्षं शोधलं, मग थांबले. मूलबाळ नाही. ड्यूटीवरून आले की दार उघडायचं, दिवा लावायचा आणि कुणाशी न बोलता जेवायचं.

नऊ वर्षं.

खोटं एकदा बोललं की ते रोज सांभाळावं लागतं. म्हणून मी माणसांत जाणंच कमी केलं.

तरी गेले.

पहिल्या दिवशी दीक्षाभूमी पाहिली. आत गारवा होता, शांत वाटलं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात झीरो माइल, मग सीताबर्डीवर खरेदी. संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर बसलो. तिघी आपापल्या नवऱ्यांच्या गमती सांगत होत्या. सुमतीनं विचारलं, "तुझा विश्वनाथ कधी येतोय गं?"

"दिवाळीत," मी म्हटलं.

आणि तळ्याकडे बघत बसले. त्या तिघी हसत होत्या. मी त्यांच्यात होते... आणि नव्हतेही.

त्या रात्री मला ऊन लागल्याचं लक्षात आलं. डोकं ठणकत होतं, अंगात कणकण. सकाळी रामटेकला जायचं ठरलं होतं. गडावरचं मंदिर, मग खिंडसीच्या तलावावर बोटीत. मी सरळ सांगून टाकलं, "मी येत नाही. तुम्ही जा." मेघानं फार आग्रह केला नाही. मी वरच्या खोलीत झोपले. खाली मेघाच्या सासूबाई असायच्या. सगळे त्यांना यमुताई म्हणतात.

सकाळी साडेसहाच्या सुमारास मला हाक ऐकू आली.

"उत्तरा..."

गेटकडून. तिघींपैकी कुणाचा आवाज, ते झोपेत कळलं नाही.

"उत्तरा... चल ना."

डोळे उघडत नव्हते. आवाज फार मायेचा होता. इतक्या मायेनं मला कितीतरी वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.

"उत्तरा... येतेस ना?"

आणि झोपेतच मी म्हटलं,

"हो. आले."

पण मी उठले नाही. गाडीची दारं बंद झाल्याचा आवाज आला. गाडी गेली. मी पुन्हा झोपले.

जाग आली ती किंकाळीनं.

दारात यमुताई उभ्या होत्या. हातात बादली, निम्मं पाणी फरशीवर सांडलेलं. चेहरा पांढराफटक.

"अवं... तू इथं?"

"काय झालं यमुताई?"

"मी कुलरमध्ये पानी टाकाले आली. तू तं गेली ना त्यायच्यासंग!"

"नाही हो. मला बरं नाही. मी कुठे गेले?"

त्या भिंतीला हात लावून हळूच खाली बसल्या. "मी ओट्यावर बसून होती. माह्या डोयानं पाह्यलं. चार जनी बसल्या गाडीत. तू मले हात बी केला."

मला हसू आलं. वय झालंय, नीट दिसलं नसेल. मी त्यांना धरून खाली नेलं. त्यांनीच उलट मला कैरीचं पन्हं करून दिलं. पण त्या माझ्याकडे सारख्या बघत होत्या. चोरून.

"आमी भूत-गीत काई मानत नाही वं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "माह्या सासऱ्यानं छप्पन सालीच घरातले सारे देव-भूत बाहेर काढले. पन मंग मी पाह्यलं ते काय?"

विषय बदलायला म्हणून मी बाहेर ओट्यावर जायला निघाले.

माझ्या चपला नव्हत्या.

काल रात्री दाराशी काढलेल्या, तपकिरी पट्ट्याच्या. तिघी आपापल्या घालून गेल्या होत्या, यमुताईंच्या जागेवर होत्या. माझ्याच तेवढ्या...

"कुत्र्यानं नेल्या असतील," मी म्हटलं.

यमुताईंनी मला दंडाला धरून आत घेतलं.

मी वंदनाला फोन लावला. दोनदा लागलाच नाही. तिसऱ्यांदा उचलला. वाऱ्याचा आवाज, पाण्याचा आवाज. बोटीत असाव्यात.

"हॅलो... कोण? आवाज येत नाहीये..."

"वंदना, मी उत्तरा."

"हॅलो? कोण बोलतंय?"

आणि तिच्या मागे कुणीतरी हसलं.

मोकळं, खळखळून.

मी फोन कानाशी तसाच धरून उभी राहिले. आपलं हसणं आपल्याला ओळखता येतं का हो? मला आलं. होस्टेलच्या गच्चीवर रात्र-रात्र हसायचे मी, तेच ते. नऊ वर्षांत मी तशी एकदाही हसले नव्हते.

फोन कट झाला. पुन्हा लागला नाही.

त्यानंतरची दुपार मी विसरू शकत नाही. बाहेर पंचेचाळीस डिग्री. नागपुरात त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सगळी दारं-खिडक्या बंद. फक्त कुलरचा घरघराट. यमुताई आणि मी समोरासमोर बसलो होतो. अंगात ताप असून मला थंडी वाजत होती.

मी त्यांना हाकेचं सांगितलं.

त्यांनी एकच विचारलं, "तू ओ देल्ली?"

"हो. आले म्हटलं."

त्यांनी डोळे मिटून घेतले.

साडेपाचला गाडी आली. मी जागची हलले नाही. यमुताई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. मेघा, वंदना, सुमती आत आल्या. तिघीच. घामाघूम, पण चेहरे वेगळे... रडून मोकळे झालेल्या माणसांसारखे.

मेघानं मला बघितलं आणि जवळ येऊन घट्ट मिठी मारली.

"पळत आत आली अन् बसली बी! तहान लागली होती ना? पानी पेली का?"

मी तिच्या मिठीतून बाजूला झाले.

"मेघे," यमुताई हळूच म्हणाल्या, "या दारातून कोनीच आत नाही आलं."

"काय आई, आत्ता तं आली ही तुमच्यासमोरून."

मी उठून दारापाशी गेले.

चपला होत्या. जिथे काढल्या होत्या तिथेच.

ओल्या. तळव्यांना तलावाकाठचा चिखल.

मी त्यांना सांगितलं, ओरडून सांगितलं, की मी दिवसभर इथे आहे. अंगाला हात लावा, ताप आहे मला. यमुताईंना विचारा. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

"मला सकाळी हाक कुणी मारली?" मी विचारलं.

"कुणीच नाही," वंदना म्हणाली. "तुला बरं नव्हतं म्हणून आम्ही उठवलंच नाही. गाडी सुरू केली तर तूच जिना उतरून आलीस. म्हणालीस, मी पण येते."

सुमतीनं मोबाइलवर फोटो दाखवला. गडाच्या पायऱ्यांवर चौघी. चौथी मी. धूसर नाही, सावलीसारखी नाही. चेहरा स्पष्ट. अंगावर माझा हिरवा ड्रेस... जो वरच्या बॅगेत घडी केलेला होता.

त्या फोटोतली बाई आनंदात होती.

"उत्तरा," सुमती माझा हात धरून म्हणाली, "तुला सांगितल्याची आता लाज वाटतेय का? वाटू देऊ नकोस. बरं झालं सगळं बोललीस."

"काय बोलले मी?"



मग वंदना म्हणाली, "विश्वनाथचं. तो मस्कतला नाही. नऊ वर्षांपूर्वी सोडून गेला. बोटीत सांगितलंस. आम्ही सगळ्या रडलो गं. एवढं एकटीनं कशाला सोसलंस?"

पोलीस आणि दीर सोडले तर हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आणि..." वंदना अडखळली. "तो गेल्याचंही सांगितलंस. रामनवमीच्या आदल्या दिवशी. बऱ्हाणपूरला."

"गेला म्हणजे?"

"वारला म्हणालीस."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

ती रात्र आम्ही पाचही जणी खालच्या खोलीत दिवा लावून बसलो. दुसऱ्या दिवशी मी मिळेल त्या गाडीनं सांगलीला परत आले.

तीन आठवड्यांनी माझ्या धाकट्या दिरांचा फोन आला. आवाज घोगरा. बऱ्हाणपूरहून एका यंत्रमाग कारखान्यातल्या माणसानं त्यांना गाठलं होतं. तिथे एक कामगार वारला होता. त्याच्या पिशवीत दिरांचा जुना नंबर सापडला, पण लावायला कुणाला सवड झाली नव्हती.

मी मृत्यूचा दाखला पाहिला. नाव विश्वनाथचं. तारीख १६ एप्रिल.

रामनवमी सतरालाच होती.

मी तिघींना कळवलं. त्या लगेच आल्या, चार दिवस राहिल्या. रामटेकचा विषय कुणी काढला नाही. पण तेव्हापासून त्यांचे फोन सुरू झाले. आधी वर्षात दोनदा यायचे, आता आठवड्यातून दोनदा. मला बरं वाटायचं.

फक्त कधी कधी, बोलता बोलता त्यांच्यापैकी एखादी म्हणते, "हो, परवा सांगितलंस की ते."

परवा मी बोललेली नसते.

मी विचारत नाही. मला माहीत आहे, त्यांना जी आवडते ती गडाच्या पायऱ्यांवरची आहे. हसणारी, मन मोकळं करणारी. मी विचारलं तर... त्या कुणाला फोन करायच्या थांबतील?

गेल्या रविवारी दुपारी मात्र घर फारच खायला उठलं. ड्यूटी नव्हती. बाहेर कडक ऊन. वाटलं, नेहमी त्याच करतात, आज आपण करू. मी सुमतीला फोन लावला. असा आपणहून, कितीतरी महिन्यांनी.

तिनं पहिल्याच रिंगला उचलला. ती हसत होती. आधीचं हसू अजून सरलं नव्हतं तिचं.

"काय गं, काय राहिलं?" ती म्हणाली. "आत्ताच तर ठेवलास. तासभर बोललो की!"

मी मोबाइलकडे बघितलं. सकाळपासून माझ्याकडून एकही फोन गेलेला नव्हता.

"उत्तरा? बोल ना."

"काही नाही गं," मी म्हटलं. "सहज केला."

आणि मी फोन ठेवला.