मालनने भरवलेला घास

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली आहे. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं.

साल १९८७. जयपूर. दुष्काळाचं वर्ष.

काका, हणमंतराव, रेल्वेत होते. सुटीची संध्याकाळ म्हणून काका, शालनमावशी आणि चार वर्षांची मालन रामनिवास बागेत गेली. वाघ बघून झाला, म्युझियमचे घुमट बघून झाले. मग हिरवळीवर डबा उघडला.

"ही बागसुद्धा दुष्काळातच उभी राहिली म्हणे," काका म्हणाले. "लोकांच्या हाताला काम हवं म्हणून महाराजांनी करवून घेतली. झाली शंभरावर वर्षं."

तेवढ्यात आवाज आला...

खण्. खण्.

कुदळीचा. पण खणणारं कुणीच दिसेना.

आणि मालनसमोर एक मुलगी उभी होती. नुसता हाडांचा सापळा. मागे तिची आई, डोक्यावर मातीचं टोपलं.

"एक कौर दे दे," मुलगी म्हणाली.

मालनने हातातला घास तिला भरवला. मुलगी हसली... पोट भरल्यासारखी.

मावशी पाण्याची बाटली घ्यायला वळली. परत बघते तर दोघीही नाहीत.

त्या दिवसापासून मालनची भूक भागेना.

पाच-पाच पोळ्या खायची आणि रडायची, "आई, भूक." खायची आणि वाळत जायची. डॉक्टर झाले, देवदेव झाले. महिन्याभरात पोरीला उभं राहवेना.

मावशी भर दुपारी एकटीच बागेत गेली. कुदळीचा आवाज येताच ओरडली, "माझ्या लेकीला सोड गं!"

टोपलंवाली बाई झाडाखालीच होती.

"मेरी वाली तो छूट गई," ती शांतपणे म्हणाली. "तू भी किसी बच्चे से माँग ले."

मावशी रात्रभर रडली.

सकाळी मालनला कडेवर घेऊन ती पुन्हा बागेत गेली. पिंजऱ्यातल्या पोपटांपाशी एक गुटगुटीत पोरगी कचोरी खात होती. मावशीने मालनच्या कानात सांगितलं, "माग."

मालनने हात पसरला.

पोरीने लगेच तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला. तिच्या आईने कौतुकाने पाठ थोपटली, "शाबास बेटा! बाँटके खाना चाहिए."

मालन मावशीच्या खांद्यावर गाढ झोपली. मावशी झपाझप फाटकाकडे निघाली.

मागून त्या पोरीचा आवाज आला...

"मम्मी, और दो ना."

मावशी थांबली नाही.

मालनताई आज धडधाकट आहे. घरी गेलं की आग्रह करकरून वाढते. माझ्या मात्र तो घास घशाखाली उतरत नाही.