रूफसच्या उशाशी

ऑक्टोबरातली ढगाळ दुपार होती. हार्लन टीसाटेस्की नवी बासरी कापडात गुंडाळून रूफस वॉचाचाच्या घराकडे निघाला, तेव्हा स्नोबर्डच्या डोंगरावरून धुकं उतरायला लागलं होतं. रूफसची फुफ्फुसं निकामी झाली होती. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोघं व्हिएतनामात एकाच तुकडीत होते. हार्लनने आयुष्यातली पहिली बासरी तिथेच, बांबूला संगिनीच्या टोकाने भोकं पाडून केली होती. आणि तिला हसणारा पहिला माणूस रूफसच.

दारात रूफसची बायको इडा भेटली. "बरं झालं आलात, भावोजी. मी औषधं घेऊन येते, तोवर बसा त्यांच्याजवळ."

खोलीत औषधाचा आणि ओल्या राखेचा वास कोंडला होता. रूफसने डोळे उघडले.

"आणलीस? का पुन्हा बदकासारखी बोंबलणारी?"

"तुझ्या कानांना बदकच कळणार," हार्लन म्हणाला.

रूफस हसला नाही. त्याने खुणेने जवळ बोलावलं. "तू पोरांना ती गोष्ट सांगतोस ना... काळीज-चोरांची?"

दर हिवाळ्यात हार्लन ती सांगायचा. मरणाऱ्याच्या घरावर ते डोमकावळ्यासारखे ओरडत उतरतात, त्याचं काळीज खातात आणि त्याचे उरलेले दिवस आपल्या आयुष्याला जोडून घेतात. छातीवर ओरखडाही उमटत नाही. पोरं किंचाळत एकमेकांना बिलगायची, आणि हार्लनला त्यातच मजा वाटायची.

"काल छपरावर होता," रूफस म्हणाला. "इडाला ऐकूच आलं नाही... पोरगी उद्या येतेय, हार्लन. तिला बघेपर्यंत मला तगायचंय. कुणी पहाऱ्यावर असलं की ते आत येत नाहीत, असं तूच सांगतोस ना?"

"सांगतो."

"मग वाजव. आणि थांबू नकोस. आज पहारा तुझा."

हार्लन वाजवू लागला. धुकं काचांना येऊन चिकटलं, खोली अंधारत गेली. मध्येच छपरावरून काहीतरी सरकत गेल्यासारखं झालं. मग उंचावरून सूर मारताना डोमकावळा ओरडावा तशी एक लांब, घोगरी आरोळी आली आणि घराच्या अगदी जवळ येऊन तुटली. हार्लनचे ओठ सुकले, पण त्याने सूर सोडला नाही. रूफसचा श्वास त्या सुराला धरून चालला होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

लॉसीआजी होती. वरच्या वळणावर राहणारी, कमरेतून पार वाकलेली म्हातारी. हार्लनच्या आईचं बाळंतपण हिनेच केलेलं. हातात मक्याच्या आंबट पेजेचं भांडं.

"धर रे बाबा, हात भाजले माझे!"

सगळ्या वस्तीची आजी. तिला दारात कसं ताटकळत ठेवायचं? हार्लनने बासरी पलंगावर ठेवली, भांडं घेतलं आणि स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर ठेवताना त्याच्या ध्यानात आलं, भांडं बर्फासारखं गार होतं.

तो धावतच परतला. आजी पलंगावर बसली होती. तिचा पंजा रूफसच्या छातीवर होता, पांघरूण सारखं करावं तसा.

"झोपलं हो पोर," ती म्हणाली.

रूफसचे डोळे उघडे होते... बासरीवर खिळलेले.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली, ती प्रेताजवळच.

दफनभूमी चर्चमागच्या चढावर. शवपेटी वाहणारे तगडे पुरुष धापा टाकत होते. त्यांच्या पुढे लॉसीआजी चालली होती. ताठ.

"आजीला थंडी मानवली बरं का!" मागून कुणीतरी कौतुकाने म्हणालं.

हार्लन तिच्या पाठीकडे बघत चढत राहिला. सांगायचं कुणाला? इडा तर सकाळी तिच्याच गळ्यात पडून रडली होती. गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्याची ही आणखी एक गोष्ट, असंच म्हणाले असते.

माती लोटून झाली, माणसं उतरू लागली. आजी त्याच्याजवळ आली आणि त्याचा हात हातात घेतला. तिचा तळवा ऊबदार होता, मऊ होता.

"रात्रीचा फार खोकतोस रे आताशा," ती हळूच म्हणाली. "येईन हं मी बसायला."

हार्लन नदीपल्याड एकटाच राहायचा. आणि खोकला त्याला काल रात्रीच सुरू झाला होता.