कोरी चिप

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही. मागच्या महिन्यात माझ्या मामीच्या घरी हे घडलं. अजून घडतंय...

मी वायरलेस दुरुस्त करतो. काम मामानेच शिकवलं. गावामागच्या टेकडीवर आमचा रिपीटर आहे, म्हणजे खालच्या वॉकीटॉकींचा आवाज लांब पोहोचवणारं यंत्र. त्याचा कंट्रोलर दर तासाला वेळ सांगतो. मामाच्या आवाजात.

"सहा वाजले."

बास. प्रत्येक तासाला फक्त वेळ, तेवढंच रेकॉर्ड केलेलं.

कंट्रोलरचं घड्याळ मात्र भलतंच आळशी. रोज थोडं मागे पडायचं. मामा दर रविवारी ते पुढे करायचा आणि वर त्याला शिव्याही घालायचा.

मामा गेल्यावर मामी रोज संध्याकाळी सहाला घरातला वॉकीटॉकी सेट लावून बसायची. नवऱ्याचा तेवढाच आवाज उरला होता.

मग कंट्रोलरची मेमरी चिप खराब झाली. आवाज फाटायला लागला.

"अरे, काहीही कर, पण तेवढा आवाज जाऊ देऊ नकोस," मामी म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

मी आवाज नव्या चिपवर उतरवला. टेकडीवर जाऊन चिप बसवली, घड्याळ लावलं. सहाला मामा बोलला. अगदी स्वच्छ! माझा जीव भांड्यात पडला.

खाली आलो, तर मामी चक्क लाजत होती.

"आज 'आवर' पण म्हणाले."

दोघं बाहेर निघताना मामा तिला हेच म्हणायचा. मी ते हसण्यावारी नेलं.

घरी येऊन बॅग उघडली...

आवाज भरलेली चिप डबीतच होती.

घाईत मी कोरी चिप बसवून आलो होतो. तिच्यात काहीच नव्हतं. पण मामीचा चेहरा आठवून मी ती लगेच बदलली नाही.

पुढे आठवडाभर घड्याळ जराही मागे पडलं नाही. आणि एका संध्याकाळी मीही ऐकलं.

"सहा वाजले..."

मग श्वास घेतल्याचा आवाज.

"आवर."

मामी ठेवणीतले कपडे काढायला आत गेली.

दुसऱ्याच दिवशी मी ती काढून आवाज भरलेली चिप बसवली. आता मामा फक्त वेळ सांगतो. घड्याळही पुन्हा मागे पडतंय. सुटलो, असं वाटलं.

पण सेट बोलायच्या आधीच मामी उठते. बरोबर सहाला. दाराकडे बघून म्हणते, "हो हो, आवरतेय."

सेट नंतर बोलतो. तोवर ती दारातच उभी असते. घड्याळ रोज आणखी मागे पडतंय, आणि ती रोज आणखी वेळ उभी राहते.

काल तिच्या पायात चपला होत्या.

"मामी, कुणाशी बोलतेस?"

"तुला नाही ऐकू आलं?" तिने उलट मलाच विचारलं.

आज मी तिच्याकडेच थांबलोय. दाराला आतून कडी घातलीय. मला खूप भीती वाटतेय.

सहा वाजत आलेत. मामीने केस विंचरलेत. ती इतकी खुशीत आहे, की मला तिच्याशी बोलायचा धीर होत नाही.