एकुलता एक श्रोता

डोळे तपासायला ती चष्म्याच्या दुकानात शिरली, खुर्चीत बसली आणि तिला चक्क तिचाच आवाज ऐकू आला.

नाकावर तपासणीची जड फ्रेम, समोर भिंगं बदलणारा तरुण... आणि कोपऱ्यातल्या संगणकावर तिचं गाणं! टोपणनावानं टाकलेलं, सहा महिन्यांत जेमतेम एक श्रोता लाभलेलं. तो श्रोता म्हणजे मावशीच, असं ती धरून चालली होती.

"कुणाचं हो हे?" तिनं साळसूदपणे विचारलं.

"ठाऊक नाही. पण दुसऱ्या कडव्यात ही बाई शिंकते. ऐका हं... आत्ता!"

शिंक आली. तो खुशीत हसला. ती कानापर्यंत लाल.

"कापायला हवी होती," ती पुटपुटली.

"छे! त्या शिंकेमुळेच तर वाटतं, कुणीतरी शेजारी बसून गातंय... खालची ओळ वाचा."

त्या गाण्यांच्या मंचाला ना मालक होता, ना मधला दलाल. ज्याला गाणं आवडेल त्यानं ते आपल्या संगणकावर ठेवायचं. तिथूनच ते इतरांना ऐकू जायचं; तो संगणक बंद, की गाणंही गायब. महिन्यापूर्वी तिच्या लॅपटॉपनं मान टाकली, तेव्हापासून तिचं गाणं रोज दुपारी एक ते चार बेपत्ता व्हायचं. का, ते काही उमगत नव्हतं.

"दुपारी तुम्ही संगणक बंद करता?"

"मी नाही, बाबा करतात. एकच्या ठोक्याला. दुकान बंद तर सगळं बंद."

"म्हणजे ते तुम्ही!" ती ताडकन उठली. "अहो, आज दीड वाजता एका कार्यक्रमाचे संयोजक माझं गाणं ऐकणार आहेत!"

"माझं...?" त्याच्या हातून भिंग निसटलं. "ती शिंक... तुमची?"

तेवढ्यात वडील चपला ओढत आलेच. हात सरळ बटणाकडे. आजवर त्यांच्यापुढे ब्रही न काढलेला मुलगा आडवा आला.

"बाबा, आज नाही."

"का? दुपारी त्या यंत्रानंही जरा पडू नये?"

"रोज चारला मी धावत येतो ना, ते गिऱ्हाइकांसाठी नाही. हिच्या आवाजासाठी. आणि आज ही स्वतःच..." आपण काय बोलून बसलो, हे लक्षात येऊन तो थबकला.

वडिलांनी तिला न्याहाळलं. एक डोळा झाकलेला, दुसरा विस्फारलेला.

"अरे, मग बटणापाशी काय उभा राहिलायस? तिच्यापाशी जा की!"

पावणेदोनला संयोजकांचा फोन आला. निवड झाली होती! तिनं आनंदानं त्याचा हात धरला आणि सोडायचं विसरली.

"आता हे गाणं आणखी दहा-वीस संगणकांवर ठेवायला हवं," ती म्हणाली. "एकट्या तुमच्यावर भिस्त नको."

"नको?" त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"गाण्याची हो..." ती खाली बघत हसली. "मी फक्त गाण्याची म्हणतेय."