टेबलावरचा नॉब

"वायरी खुशाल कापा, पण तो नॉब तेवढा जागेवर राहू द्या."

बॉयलरवरच्या जुन्या फिटरने माझ्या नणंदेला हे बजावलं होतं.

तिने हसण्यावारी नेलं.

पटो न पटो, घडलंय ते असंच. माझ्या नवऱ्याचा जीव त्यात जाता जाता वाचला. खोटं बोलून मला काय मिळणार?

रविवारची संध्याकाळ. कारखाना बंद, बॉयलर तेवढा गरम ठेवलेला. बॉयलरचं काट्यांचं जुनं पॅनेल काढून डिजिटल कंट्रोलर बसवायचं काम नणंदेकडे होतं. त्या पॅनेलसमोर एक ऑपरेटर आयुष्यभर बसले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ऑटोवर, म्हणजे यंत्राने आपलं आपण चालण्यावर, त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. वाफेचा व्हॉल्व्ह ते हातानेच उघडायचे, नॉब केसभर फिरवून, थांबून, पुन्हा केसभर.

नॉबवर हात असतानाच ते गेले.

"आता तरी सुट्टी घेऊ द्या की त्यांना," नणंद म्हणाली. आणि नॉब उपटून तिने टेबलावर ठेवला.

माझा नवरा, म्हणजे तिचा दादा, खाली त्याच वाफेच्या पाइपाचा जोड आवळत होता. व्हॉल्व्ह बंद. नव्या कंट्रोलरच्या स्क्रीनवर व्हॉल्व्हचा आकडा शून्य.

मग... खर्र.

लाकडावर काहीतरी घासल्यासारखं.

तिने वळून पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं.

स्क्रीनवर शून्याचे दोन झाले.

तिने पुन्हा शून्य केलं. पुन्हा दोन. मग पाच. ऑटोवर टाकलेला कंट्रोलर आपोआप मॅन्युअलवर आला होता.

खर्र...

टेबलावरचा नॉब फिरत होता. ना वायर, ना दांडी. केसभर. थांबून, पुन्हा केसभर.

तिने फोन लावला. "दादा, बाहेर ये."

"अगं, एकच नट राहिलाय."

"राहू दे तो. ये म्हणते ना."

"आलो गं बाई. हा पाइप... गरम कसा लागतोय?"

पळायला दार उघडं होतं. ती पळाली नाही. तिने दोन्ही हातांनी नॉब धरला.

तो कोमट होता. आणि त्याला जोर होता... माणसाच्या मनगटाचा.

"मास्तर, तुमची ड्यूटी संपली," ती दात आवळून म्हणाली. "खाली माझा भाऊ आहे. सोडा."

तिने तो उलटा पिळला. पाच. दोन. शून्य.

दादा धापा टाकत वर आला. "कुणाशी भांडतेयस?"

तिने दोन्ही मुठी पुढे केल्या... नॉबसकट.

वायरिंग तपासलं. कंट्रोलर बदलून पाहिला. कारण सापडलं नाही. नॉब परत जागेवर बसव, असं सगळ्यांनी तिला सांगितलं.

"बसवणार नाही. एकदा बसवला की खोली त्यांचीच झाली. मग उद्या खाली कुणाचाही भाऊ असेल."

काम तिने पुरं केलं. पण त्या पाइपावर कुणी उतरलं, की ती अजून तो नॉब मुठीत धरून बसते.

आज तो जोड पुन्हा गळतोय. नवरा खाली उतरलाय. बाळाला मांडीवर घेऊन मी मघापासून नणंदेला फोन लावतेय.

रिंग जातेय... उचलत नाहीये.

दोन्ही हात गुंतले असतील तिचे. असंच असेल.

तुमचं कोणी अशा यंत्रापाशी कामाला असेल, तर वाचणं सोडा. आधी त्याला फोन लावा.