गुण्यात नसलेली टाकी

"चौथ्यांदा?" काच कापायचा हिरा मी खाली ठेवला. "मास्तर, तुम्ही खरंच शाळेत भूमिती शिकवता?"

"आठवीला," तो ओशाळून म्हणाला. "नळीसाठी कोपरा कापायचा होता… ते सांगायचं राहिलं."

आमचं काचेचं दुकान. गिऱ्हाईक बाबा बघतात, काच मी कापते. शेजारचं माशांच्या टाक्यांचं दुकान बंद होतं म्हणून हा माणूस महिन्यापूर्वी आमच्याकडे शिरला. घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, तिच्यात गोबी नावाचे नखाएवढे मासे आहेत आणि ते उड्या मारतात, म्हणून काचेचं झाकण हवं. पहिलं झाकण दोन सूत लहान झालं. दुसरं टाकीत बसेचना. आता हे तिसरंही परत!

बाबांचं म्हणणं वेगळंच. "अगं, इतक्या वेळा माप चुकतं का कुणाचं? तो काही काचेसाठी येत नाही."

मी त्यांच्यावर डाफरले. पण त्या दिवसापासून दुकानात येताना केस जरा नीट विंचरायला लागले, हे खरं. तो आला की वैताग यायचा आणि गेला की दुकान उगाच रिकामं वाटायचं. एकदा सरळ बोलून का टाकत नाही हा? नुसता काच पुढे करून उभा, शुंभासारखा!

"चला," मी टेप उचलला. "मीच येते मोजायला." घरी तरी तोंड उघडेल, असं वाटलं.

दार त्याच्या आईने उघडलं. "आलीस का बाई? बरं झालं. माझी सगळी ताटं त्या टाकीवर पालथी घातलीत यानं."

खरंच घातली होती. ताटं, पोळपाट, वर एक जाडजूड शब्दकोश. त्याने एकेक अलगद उतरवलं. आतल्या निळसर उजेडात एका शंखातून दोन इवलेसे डोळे माझ्याकडे रोखून बघत होते.

"तो नर. अंडी राखतोय," तो कुजबुजला. "ही बाहेर फिरतेय ती मादी. तिसरा होता… उडाला. कपाटामागे सापडला, वाळलेला."

मी मापं घेतली. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप धरला आणि थबकले. टाकी गुण्यात, म्हणजे काटकोनातच नव्हती! एक बाजू चांगलीच तिरकी. हिच्यावर चौकोनी झाकण जन्मात बसलं नसतं.

"कुणी बनवली ही?"

"मीच."

"दिसतंय. म्हणजे… माप खरंच चुकत होतं?"

"हो. मग तुम्हाला काय वाटलं?"

माझे कान तापले. मी इकडे केस विंचरत बसलेय आणि हा माणूस खरोखरच झाकणासाठी येत होता! मी घाईघाईने सामान आवरायला लागले.

"अहो… तो आईचा चष्मा आहे," तो म्हणाला. "तुम्ही पिशवीत टाकलात."

झालं! माझा बांधच फुटला. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम चुकताय. माझ्यासाठी! महिनाभर वाट बघतेय, आज बोलाल, उद्या बोलाल… आवडता तुम्ही मला, मास्तर. डोक्याला ताप आहात, तरी आवडता. घ्या, सांगितलं!"

आत स्वयंपाकघरात त्याच्या आईची खुडबुड थांबली. तो हातात पोळपाट घेऊन तसाच उभा.

"मुद्दाम चुकायचं… मला सुचलंच नाही," तो हळूच म्हणाला. "उलट, माप बरोबर आलं की तुमच्याकडे येणं संपणार, म्हणून दर वेळी वाईट वाटायचं. तरी जपून मोजायचो."

"का पण?"

"मासे उडतात ना —"

या माणसापुढे डोकं आपटावं की… मला हसूच फुटलं. तोही हसला, पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून. पोळपाट मात्र अजून छातीशीच.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर मी टाकीचा तिरका साचा काढून घेतला. तो दारापर्यंत आला.

"झाकण उद्या तयार ठेवते," मी चपला घालता घालता म्हटलं. "दुपारी या. तेव्हा बाबा जेवायला घरी गेलेले असतात."

तेव्हा कुठे त्याने पोळपाट खाली ठेवला.

"नको," तो म्हणाला. "ते असतानाच येतो."